पिवळी प्रत

हातात काहीही ठेवलं की पाठोपाठ पेन पुढे यायचं. "रिसीव्हड. सही करा."

काहीही म्हणजे अगदी काहीही. ऑफिसातलं ड्रॉइंग असो, गच्चीची किल्ली असो, नाहीतर वहिनींनी संकष्टीला पाठवलेले मोदक असोत. मोदकांचा डबा माझ्या बायकोच्या हातात देऊन हे गृहस्थ दारातच उभे राहायचे. हातातल्या छापील पॅडवर लिहिलेलं असायचं, 'मोदक, नग अकरा'. खाली सहीची जागा. सही झाली की वरची पांढरी प्रत आम्हाला आणि कार्बनखालची पिवळी प्रत टर्रकन फाडून त्यांच्या खिशात. पहिल्यांदा बायकोला वाटलं, महिनाअखेरीस मोदकांचं बिल येणार.

"पिवळी प्रत परत आली की काम पुरं," ते समजावून सांगायचे. "तोवर नुसतं पाठवलं म्हणायचं. पोचलं म्हणायचं नाही."

नव्वदच्या दशकात दुबईला आम्ही दोघं एकाच काँट्रॅक्टिंग कंपनीत होतो आणि अल मनखूलला एकाच बिल्डिंगमध्ये राहत होतो. ते दुसऱ्या मजल्यावर, आम्ही चौथ्या. मी प्लॅनिंग इंजिनिअर. म्हणजे काम वेळेत संपणार नाही हे रंगीत कागदावर आधीच छापून देणारा. ते डॉक्युमेंट कंट्रोलर. सगळे त्यांना डीसी म्हणायचे, आणि मीही तेच म्हणणार आहे, कारण खऱ्या नावाने त्यांना फक्त वहिनी आणि व्हिसा ऑफिस ओळखत असे.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, ज्याच्याशिवाय काहीच अडत नाही असं सगळ्यांना वाटतं, आणि तो रजेवर गेला की दुसऱ्या दिवशी भिंत भलत्या जागी उभी राहते. नकाशा बदलला की नवी रिव्हिजन निघायची. ती साइटवर पोचवायची, जुनी गोळा करून तिच्यावर 'सुपरसीडेड', म्हणजे बाद, असा लाल शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. जुन्या कागदावर त्यांचा राग होता. गप्पांतसुद्धा कुणी म्हणालं, अमक्याच्या मुलीचं लग्न मोडलं, की हे विचारणार, "कोणती रिव्हिजन? परवा तर जुळलं म्हणत होते."

अशा माणसाने घरी काय करावं? तर तीनशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकांतून वाजवायला शिकावं.

त्याचं असं झालं. आमच्या प्रोजेक्टवरचा एक इंग्रज इंजिनिअर घाईघाईत नोकरी सोडून मायदेशी गेला. जाताना एक खोका डीसींच्या टेबलावर ठेवून म्हणाला, टाकून द्या. आता डीसींच्या धर्मात कागद टाकायचा तर आधी नोंद करावी लागते, नोंद करायची तर उघडून पाहावं लागतं. त्यांनी उघडलं. आत एक लाकडी रेकॉर्डर निघाला. ही इंग्रजांची उभी बासरी. तोंडाशी शिट्टीसारखी फट, समोर सात भोकं, मागे अंगठ्याला एक. हातभर लांबीची ती वस्तू, आणि तिच्याखाली रेकॉर्डर कसा वाजवावा हे शिकवणाऱ्या सात-आठ जुन्यापुराण्या इंग्रजी पुस्तकांच्या झेरॉक्स.

खोका टाकला गेला. पण नोंदवहीत लिहिलं होतं, 'आतील माल : स्वतःकडे'.

त्या पुस्तकांबद्दल मी डीसींकडून इतकं ऐकलं आहे की त्यात परीक्षा असती तर मी पहिला आलो असतो. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर आश्वासन, की कोणीही सद्गृहस्थ गुरूशिवाय घरबसल्या हे वाद्य शिकू शकेल. म्हणजे थापा तेव्हाही तशाच होत्या. प्रत्येक लेखक म्हणे की आधीच्यांची पुस्तकं चुकीची आहेत, आणि मग आधीच्याचंच पान उतरवून काढी.

"हे चौथं पुस्तक बघा," डीसी मला गाडीत, सिग्नलला, झेरॉक्स दाखवायचे. "तिसऱ्यातली चूक जशीच्या तशी. एकानेही भोकावर बोट ठेवून चेक केलेलं नाही. रिव्हिजन नंबर बदलला, ड्रॉइंग तेच. आपल्या सबकाँट्रॅक्टरसारखे आहेत सगळे."

"मग टाका की ती शिक्का मारून."

"सुपरसीड करायचं तर नवी रिव्हिजन तितकी चांगली लागते हो."

त्यातले शब्द तर त्यांना तोंडपाठ. मुळात त्या काळी इंग्लंडात रेकॉर्डरला नुसतं फ्लूट म्हणत, ही बातमी त्यांनी कँटीनमध्ये अशा गांभीर्याने दिली की दोन फोरमननी ताट बाजूला सारलं. सूर थरथरवायचा तर त्याला म्हणत 'शेक'. अंगठ्याच्या नखाने मागचं भोक अर्धं उघडून वरचे सूर काढायचे ते 'पिंच'. आणि सूर धरून ठेवताना खालच्या उघड्या भोकाच्या कडेवर बोट अलगद हलवायचं, शेवटी उचलून घ्यायचं, त्याचं नाव 'स्वीटनिंग'. हा शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा बासुंदी खाल्ल्यासारखा होई.

आणि सूर लिहायची पद्धत? ज्यांना नोटेशन वाचता येत नाही त्यांच्यासाठी आडव्या रेघा, एकेक रेघ एकेका बोटाची. रेघेवर ठिपका असेल ते भोक बंद, नसेल ते उघडं. "म्हणजे वाचता आलं नाही तरी वाजवता येतं," डीसी म्हणायचे. "असं ड्रॉइंग मी अख्ख्या गल्फमध्ये पाहिलं नाही."

या सगळ्यावरून त्यांनी रेकॉर्डरचं एक मराठी पुस्तक लिहायला घेतलं होतं. स्वतःच्या हाताने, ड्रॉइंगच्या शाईने, एकवीस धडे. शेकला 'कंप', पिंचला 'नख', स्वीटनिंगला 'गोडी'. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात रिव्हिजन नंबर. पुस्तक तयार होतं, पण त्यांच्या मते ते अजून 'फॉर कॉमेंट्स', म्हणजे तपासणीपुरतंच होतं. एका तरी मुलाने पहिल्या धड्यापासून शिकून चार लोकांत वाजवून दाखवल्याशिवाय ते छापखान्यात द्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट. त्यांचा मुलगा पुण्याला हॉस्टेलवर होता आणि बापाच्या शिट्टीत त्याला रस नव्हता. बिल्डिंगमधली बाकीची मुलं कराम्याला कीबोर्डच्या क्लासला जात. चार वर्षं ते एक विद्यार्थी शोधत होते. बोलायचे नाहीत, पण लिफ्टमध्ये कुणाचंही पोर दिसलं की आधी त्याच्या बोटांकडे बघायचे.

मग माझ्या मुलीला कांजिण्या झाल्या.

सानिका तेव्हा अकरा वर्षांची. मी ऐपत नसताना तिला इंग्रजी पद्धतीच्या शाळेत घातलं होतं, कारण माझ्या वरच्या साहेबाचा मुलगा तिथे होता. शाळेत त्याच टर्मला रेकॉर्डर सुरू झाला आणि अ‍ॅन्युअल डेला अख्ख्या वर्गाने वाजवायचं ठरलं. पहिल्याच आठवड्यात, रेकॉर्डर हातात यायच्या आधीच, ही घरी. तीन आठवडे शाळा बंद. शाळेचे रेकॉर्डर शाळेच्याच कपाटात. घरी आला तो फक्त गाण्याचा कागद. सानिका अंग खाजवत रडत होती, की सगळे वाजवतील आणि मी एकटी मागे उभी राहीन. बायको म्हणाली, "दुसऱ्या मजल्यावर माणूस तडफडतोय आणि तुम्ही काय बघत बसलाय?"

मी डीसींना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि संध्याकाळी पुस्तक घेऊन चौथ्या मजल्यावर हजर. सोबत पॅड.

"पुस्तक एक. लाकडी रेकॉर्डर एक. रिसीव्हड. आणि हे कॉमेंट शीट. वाचून, उत्तरं लिहून उद्या द्या. तुमच्या उत्तरांशिवाय मी सुरू करणार नाही."

त्या दिवशी शुक्रवार होता आणि टीव्हीवर शारजाची मॅच रंगात आली होती. कॉमेंट शीटवर तीन प्रश्न होते. ते मी तेव्हा वाचलेच नाहीत. मी तिन्हींपुढे 'ओके' लिहिलं, 'कोड ए' असं लिहून खाली सही ठोकली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते शीट त्यांच्या दाराखालून सरकवलं. कोड ए म्हणजे विनाशर्त मंजूर. ऑफिसात मी रोज असे वीस कागद मंजूर करत असे, आणि त्यांतल्या काही इमारती अजून उभ्या आहेत.

खपल्या धरल्यावर शिकवणी सुरू झाली. रोज संध्याकाळी सहा ते सात, आमच्या हॉलमध्ये. मी पेपर तोंडासमोर धरून ऐकत असे. त्यांनी शाळेच्या गाण्यातल्या एकेका नोटेखाली पुस्तकातले ठिपके मांडून दिले होते.

"बोट दाबायचं नाही बाळा, नुसतं ठेवायचं."

"बट काका, इट्स लीकिंग."

"लीक होतंय ना? मग शोध कुठून ते. आम्ही साइटवर हेच करतो."

आठ दिवसांत तिचा सूर स्वच्छ निघायला लागला. दहाव्या दिवशी शेवटच्या सुरावर तिने ती 'गोडी' लावली. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण मी पेपर खाली घेतला. डीसी खिडकीबाहेर बघत होते.

"अगेन?" सानिकाने विचारलं.

"नको," ते म्हणाले. "आज एवढंच राहू दे."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती शाळेत गेली. तालमीत तीस मुलांनी एकदम फुंकर घातल्यावर त्यात कोण काय वाजवतं हे विधात्यालाही कळलं नसतं. घरी येऊन म्हणाली, "स्कूलवाला रेकॉर्डर इज सो स्मॉल. सो क्यूट." मी म्हटलं, छान. आणि परत बार-चार्ट रंगवायला लागलो.

डीसी अ‍ॅन्युअल डेला इस्त्रीचा सफारी घालून आले होते. वहिनी जरीच्या साडीत. जणू मुलीचा साखरपुडा. मुलं ओळीने उभी राहिली, बाई पियानोवर बसल्या. पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून वाजवलं, आणि शिट्ट्यांच्या त्या गदारोळात पालकांनी डोळे पुसले. मग पुढच्या रांगेतल्या पाच जणांनी एकेक ओळ एकट्याने वाजवायची होती. सानिकाचा नंबर तिसरा.

पहिला झाला, दुसरी झाली. सानिकाने सुरू केलं आणि पियानोवरच्या बाईंनी मान वर केली.

तिचा सूर सगळ्यांत स्वच्छ होता. फक्त ती भलत्याच पट्टीत वाजवत होती. सगळ्यांचा सा होता तिथे हिचा खालचा प. चाल तीच, लय तीच, एकही बोट चुकत नव्हतं, आणि पूर्ण ओळ पियानोशी भांडत होती. बाईंनी दोनदा खुणावलं. कुणीतरी फिसकन हसलं, मग बरेच हसले. पोर थांबली नाही. शिकवलेलं होतं तसं शेवटपर्यंत वाजवलं, शेवटच्या सुरावर गोडीसुद्धा लावली, आणि मगच रेकॉर्डर खाली घेतला.

मी डीसींकडे पाहिलं. ते तिच्या तोंडाकडे बघत नव्हते, हातातल्या रेकॉर्डरकडे बघत होते. त्यांनी मांडीवर आपली वीत पसरली, पुढे अर्धी मोजली, आणि मूठ मिटून घेतली.

त्याच संध्याकाळी ते वर आले. सानिका उशीत डोकं खुपसून पडली होती. तिच्याजवळ खाली बसून त्यांनी सगळं समजावलं. जुन्या इंग्रजी पुस्तकांतला फ्लूट हातभर लांब, त्यांच्या खोक्यातलाही तेवढाच. शाळेतला दीड वीत. भोकं तेवढीच, बोटं तीच, पण नळी आखूड म्हणजे सूर निराळा. पुस्तकातले ठिपके मोठ्याचे होते, तिच्या हातात लहान होता.

"तुझं एकही बोट चुकलं नाही. मी बघत होतो. ड्रॉइंग चुकीचं होतं, बाळा. काम बरोबर झालं."

"एव्हरीवन लाफ्ड, काका."

"हो. मला आधी मोजायला हवं होतं."

एवढ्यावर कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हणालो, "तीनशे वर्षांपूर्वीच्या नकाशावर घर बांधलं की असंच होणार, डीसी. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

"बरोबर आहे," ते म्हणाले. खिशातून शिक्का काढला, आमच्याच टीपॉयवर आपल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर मारला. सुपरसीडेड. मग पुस्तक आणि लाकडी रेकॉर्डर उचलून खाली गेले. परत नेल्याची सही मात्र त्यांनी स्वतः केली आणि पांढरी प्रत मला दिली.

सानिका कीबोर्डच्या क्लासला जायला लागली. शाळेने तो छोटा रेकॉर्डर फीच्या बिलात लावून घरी पाठवला. पंचवीस दिरहम, म्हणजे तेव्हाचे जवळजवळ अडीचशे रुपये. एवढ्या पैशात अब्रू गेली हे स्वस्तच म्हणायचं. तीनशे वर्षांच्या नकाशाचा विनोद मी पुढे कितीतरी पार्ट्यांत सांगितला. डीसी हजर असले तर तेही हसायचे.

पुढे कंपनीने त्यांना रुवैसला पाठवलं. रिफायनरीचं काम, कॅम्पातली खोली, पंधरा दिवसांनी एकदा घरी. दोन हजार एकला ते नोकरी संपवून कऱ्हाडला परत गेले. दिवाळीला फोन व्हायचा.

"पुस्तकाचं काय?"

"रिव्हिजन चालू आहे."

"आता कोण वाजवणार आहे ते? खलास झालं की."

"तुम्हाला पाठवतो ना. कॉमेंट्सला."

पार्सल आलं ते त्यांच्या मागे. आधी वहिनींचा फोन आला होता, हार्ट अ‍ॅटॅक, दवाखान्यात पोचेपर्यंतही वेळ मिळाला नाही. महिन्याभराने कऱ्हाडहून दुबईला येणाऱ्या कुणाबरोबर त्यांनी एक जाड पाकीट पाठवलं. त्यावर डीसींच्या अक्षरात माझं नाव होतं, म्हणजे पाठवायची तयारी त्यांनीच करून ठेवलेली.

आत पुस्तक होतं, रिव्हिजन चार. एकवीस धडे नव्याने लिहिलेले, प्रत्येक नोटेखाली दोन ओळी ठिपके, एक मोठ्या रेकॉर्डरची, एक लहानाची. दुसऱ्या पानावर 'तपासणार' असं लिहून पुढे सानिकाचं पूर्ण नाव. आणि पुस्तकाच्या मागे, कारण हा माणूस काहीच टाकत नसे, पहिल्यापासूनची सगळी कॉमेंट शीट्स ओळीने लावलेली.

सगळ्यांत खाली माझं शीट होतं. पहिला प्रश्न, भाषा समजते का? ओके. दुसरा, अक्षर लागते का? ओके. तिसरा : 'शाळेतला रेकॉर्डर मी पाहिलेला नाही. कृपया शाळेत जाऊन पट्टीने त्याची लांबी मोजावी व येथे लिहावी. लांबी कळल्याशिवाय ठिपके देता येणार नाहीत.' त्यापुढे मोकळी जागा, आणि त्या जागेत माझं 'ओके'. खाली कोड ए, माझी सही. शेजारी त्यांचं नेहमीचं अक्षर, 'रिसीव्हड'. दुसरं काही नाही. लाल रेघ नाही, प्रश्नचिन्ह नाही.

लांबी मिळाली नव्हती तरी त्यांनी ठिपके दिले. चार वर्षांनी मिळालेला विद्यार्थी आणि त्याच्या बापाचा कोड ए. माझा 'ओके' म्हणजे 'लांबी तुमच्या रेकॉर्डरएवढीच आहे' असं त्यांनी धरून घेतलं असणार. मी मोजून लिहिलंय यावर त्यांचा विश्वास होता. आणि मोजलं नव्हतं हे कळल्यावरही त्या संध्याकाळी, माझा विनोद ऐकताना, नंतरच्या सगळ्या पार्ट्यांत, त्यांनी एका शब्दाने ते काढलं नाही. मला लाज वाटली. अशी लाज मला तोवर वाटली नव्हती, आणि ती वाटायला त्यांना मरावं लागलं.

रिव्हिजन चारबरोबर नवं कोरं कॉमेंट शीट होतं. त्यात एकच प्रश्न. 'शाळेतल्या रेकॉर्डरची लांबी पट्टीने मोजून लिहावी.' उत्तर त्यांना पाठ होतं, पुस्तकभर त्याचेच ठिपके होते. तरी प्रश्न ठेवला होता, माझ्यासाठी.

सानिका तेव्हा कॉलेजच्या फॉर्मांमध्ये बुडाली होती. मी तिच्याकडे तो रेकॉर्डर मागितला. तिने खणाच्या तळातून काढून दिला आणि माझ्या हातातली पट्टी बघून विचारलं, "बाबा, व्हॉट आर यू डूइंग?"

"मोजतोय."

तेरा इंच. मी दोनदा मोजून लिहिलं. तिने पुस्तक ओढून घेतलं, बराच वेळ पानं उलटली, खालच्या ओळीचे ठिपके बघून बोटं ठेवली आणि शाळेतली तीच ओळ वाजवली. या वेळी कुणाशीही भांडण नव्हतं. शेवटच्या सुरावर ती थोडी थांबली, मग बोट अलगद हलवलं. 'तपासणार'पुढे तिने सही केली.

पॅडचा कागदही पाकिटात होताच. 'पुस्तक एक, कॉमेंट शीट एक.' मी 'रिसीव्हड' लिहून सही केली. वहिनींना फोन करून विचारलं, पिवळी प्रत पाठवू का? त्या म्हणाल्या, "मला काय कळतं त्यातलं? ती यांच्याकडेच जायची असते."

पांढरी प्रत पुस्तकात लावली आहे. पिवळी अजून माझ्याकडेच आहे.